दहा मिनिटं पुढे

जगात आपण होऊन कुणी थांबत नाही; त्याला कुणीतरी थांबवावं लागतं. ज्या समाजाला हे लवकर उमगलं तो समाज पुढारलेला समजावा, अशा निष्कर्षाला मी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी आले आहे. शाळेची घंटा, गिरणीचा भोंगा आणि कुकरची शिट्टी ह्या तीन गोष्टींवर माणसाची प्रगती उभी आहे. शिट्टी नसती तर डाळ शिजली की नाही हा मताचा प्रश्न झाला असता, आणि आमच्या घरात तरी अजून कुणी जेवलं नसतं.

ह्या विषयावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. एकतीस वर्षं मी ट्रंक टेलिफोनवर ऑपरेटर होते. त्या काळी परगावी फोन लावायचा तर आधी नंबर नोंदवून ताटकळावं लागे, आणि लागल्यावर तीन मिनिटं मिळत. तिसरं मिनिट संपलं की आम्ही मध्ये शिरून ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?’ असं विचारत असू. बाळंतपण असो, मयत असो, विचारायचंच. १९७४ साली सावंतवाडीचे एक गृहस्थ मुंबईच्या मंडळींना ‘मुलगी आम्हाला’ इथपर्यंत सांगत आले आणि वेळ संपली. पुढे पैसे वाढवायला ते तयार नव्हते. मी माणुसकी म्हणून नऊ सेकंद वरचे दिले. त्या नऊ सेकंदांत ते खोकले. खात्याने माझ्याकडून नऊ सेकंदांचा लेखी खुलासा मागवला, तो दोन पानी झाला. (लग्न जमलं की नाही हे खात्याने कळवलं नाही.)

तेव्हा माझा भाचा निलेश जेव्हा म्हणाला, ‘आत्या, माझ्या कर्नेलला टायमर नाही म्हणून सगळा घोळ झाला,’ तेव्हा घरात त्याचं बोलणं समजलेली मी एकटीच होते.

आमची गिरणाई सहकारी गृहनिर्माण संस्था मुलुंड पूर्वेला आहे. सात मजले, अठ्ठावीस फ्लॅट. बहुतेकांचे वडील किंवा सासरे गिरणीत होते आणि मूळ गाव कोकणात आहे. इमारतीची सगळी कामं पूर्वी धोंडिराम हा आमचा वॉचमन करी. पाणी आलं की खालचा मोठा कॉक उघडायचा, पंप लावायचा, जिन्यातले दिवे लावायचे, गेट उघडायचं, लिफ्ट अडकली की आतल्या माणसाशी गप्पा मारायच्या. (कॉक कायमचा उघडा का ठेवत नाही, असं विचारणारे आमच्या भागातले नसतात. उघडा ठेवला तर पाणी गेल्यावर आमच्या टाकीतलं पाणी उलटं लाइनीत जातं आणि शेजारच्या इमारतीचं भलं होतं.)

धोंडिराम हे सगळं बिनचूक करत असे. त्यामुळे संस्था मागासलेली दिसू लागली.

निलेश दिवसा साकीनाक्याला एका गाळ्यात इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करतो आणि संध्याकाळी कर्नेल लिहितो. कर्नेल म्हणजे यंत्राच्या आतला कारभारी. यंत्राला डोकं एक असतं आणि कामं अनेक. आता हे काम, मग ते काम, हे जे ठरवतं ते कर्नेल. ज्या घरात शेगडी एक आणि सुना तीन, तिथे सासू जे करते तेच. बाजारात तयार कर्नेल फुकट मिळतात, असं निलेशच म्हणतो. त्याने दोन वर्षं खपून स्वतःचं केलं. मला ह्याचं कौतुक आहे, कारण फुकट मिळणारी वस्तू घरी करून महागात पाडायची आमच्या घराण्याची रीत आहे. माझे वडील स्वतःच्या चपला स्वतः शिवत आणि अनवाणी कामावर जात.

हे कर्नेल एका पेटीत घालून ती पेटी मीटरच्या खोलीत बसवली. तिच्याकडे अकरा कामं दिली. कॉक आणि पंप, दिवे, गेट, लिफ्टमधली आरती, प्रवेशद्वारावरची फिरत्या अक्षरांची पाटी, वगैरे. अकरावं काम कशासाठी आहे हे निलेशला आठवत नाही, पण ते काढलं की उरलेली दहा बंद पडतात. अशी माणसंही प्रत्येक कार्यालयात असतात, म्हणून कुणी आक्षेप घेतला नाही.

टायमर मात्र नव्हता. एका कामाला डोकं दिलं की त्याने आपलं उरकावं आणि आपण होऊन ‘झालं’ म्हणून पुढच्याला द्यावं, अशी व्यवस्था होती. सगळा भार सभ्यतेवर. कमिटीला ही व्यवस्था अतिशय आवडली, कारण संस्थेच्या वार्षिक सभेतला माइक ह्याच तत्त्वावर फिरतो. (सध्याचा विक्रम आमचे ज्येष्ठ सभासद नाना ह्यांच्या नावावर आहे: दोन तास दहा मिनिटं, विषय पार्किंग. नानांकडे गाडी नाही.)

मग चेअरमन चंद्रप्रकाश परब ह्यांना पासष्टावं वर्ष लागलं. फिरत्या पाटीवर शुभेच्छा आणि खाली शुभेच्छुकांची नावं द्यायची ठरली. अठ्ठावीस कुटुंबांची नावं. एकही वगळणं शक्य नव्हतं, आणि नावं संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं भाग होतं, नाहीतर शेवटच्या कुटुंबाला आपण शेवटी आहोत हे कळलं असतं. पाटीच्या कामाला ‘झालं’ म्हणायला जागाच उरली नाही. आमच्याकडे पाणी सकाळी नऊ वीसला येतं आणि दहा पाचला जातं. त्या दिवशीही आलं आणि गेलं. कॉक उघडला नाही, पंप लागला नाही, गेट उघडं ते उघडं राहिलं. पाटी मात्र झकास फिरत होती.

त्या दिवसाची नोंद मी ठेवली आहे. विकतच्या पाण्याच्या बाटल्या: दोनशे बारा. आंघोळी: नऊ, पैकी चार भांडुपला नातेवाइकांकडे. चेअरमनना प्रत्यक्ष भेटून दिलेल्या शुभेच्छा: शून्य.

दुसऱ्या दिवशी तातडीची सभा झाली. परबांचं म्हणणं, पेटी काढा आणि भंगारात द्या. निलेश उभा राहिला. तो सभेत कधी बोलत नाही, म्हणून लोकांनी ऐकून घेतलं. त्याने हात जोडून आठ दिवस मागितले. म्हणाला, मी टायमर घालतो, मग कुठलंच काम अडवून बसणार नाही. आणि खाली मान घालून जी दुसरी गोष्ट सांगितली ती आम्हा घरच्यांनाही नवीन होती. अंधेरीच्या एका कंपनीत कर्नेल लिहिणाऱ्यांची वेगळी टोळी आहे. तिथल्या मुख्य बाई, प्रांजल त्यांचं नाव, येत्या रविवारी पेटी बघायला येणार होत्या. पाण्याचं काम ठरल्या वेळेला कुणाचा हात न लागता सुरू झालं, तर निलेशला तिथे नोकरी. नाही तर पुन्हा साकीनाका आणि वजनकाटे.

सुलक्षणा, म्हणजे निलेशची आई आणि माझी भावजय, शेजारी बसली होती. तिने माझा हात असा दाबला की बांगडी वाढवावी लागली.

ठराव झाला: रविवारी पाण्याचं काम आपोआप वेळेवर झालं तर पेटी ठेवावी, न झालं तर त्याच दिवशी भंगारात.

आता टायमर म्हणजे काय ते सांगते. पेटीत नखाएवढी एक चकती असते. ती सेकंदाला शंभर वेळा कर्नेलच्या डोक्यात टिचकी मारते. टिचकी बसली की कर्नेल मान वर करून बघतं, चालू असलेल्या कामाला म्हणतं, तुझं बस झालं, आणि पुढच्याला डोकं देतं. म्हणजे माझंच खातं. फरक इतकाच, की आम्ही तीन मिनिटं देत होतो आणि वाढवायचं का ते विचारत होतो.

मी निलेशला शंका विचारली. अर्ध्यावर तोडलेलं काम पुढच्या पाळीला पहिल्यापासून सुरू करतं की काय? तसं असेल तर सावंतवाडीच्या गृहस्थांना मुंबईची मुलगी अजून पसंत पडायची आहे.

तो म्हणाला, ‘नाही गं आत्या. जिथे तोडलं तिथली खूण करून ठेवायची. हातात काय होतं, कुठल्या ओळीवर होतो, सगळं. पाळी आली की तिथून पुढे. त्या कामाला कळतसुद्धा नाही मध्ये काय झालं ते.’

हे मला लगेच पटलं, कारण आमच्या मजल्यावर त्याचं चालतं उदाहरण आहे. सुलक्षणा आणि समोरच्या ४०३ मधल्या जयंतीबाई ह्यांचं कपडे वाळत घालण्याच्या दोरीवरून भांडण आहे. एकदा मध्येच जयंतीबाईंची लेक बाळंतपणाला आली, म्हणून ते तोडावं लागलं. सव्वा महिना सुलक्षणा रोज डिंकाचे लाडू घेऊन तिथे जात होती. लेक ज्या दिवशी सासरी गेली त्या दिवशी संध्याकाळी दार उघडून जयंतीबाई म्हणाल्या, ‘आणि तुमच्या त्या सतरंजीचं काय?’ एक शब्द मागे नाही, एक शब्द पुढे नाही. निलेशला जे चार रात्री जागून यंत्रात घालावं लागलं ते गिरणाईतल्या बायकांना उपजत येतं.

टायमर घालण्याला सभेची मंजुरी लागली. चर्चा साडेतीन तास चालली. प्रत्येक कामाला सारखाच वेळ मिळणार, ह्याला तळमजल्याजवळच्यांचा पाठिंबा होता आणि वरच्यांचा विरोध. नाना म्हणाले, ज्येष्ठांना मध्येच तोडणं ही आपली संस्कृती नव्हे. निलेशने सांगितलं की यंत्रात ज्येष्ठ कुणी नाही. नाना म्हणाले, असं तुला वाटतं. शेवटी चेअरमनसाहेबांच्या नावाची अक्षरं आदरपूर्वक तोडावीत, अशी दुरुस्ती मंजूर झाली. निलेशने ती प्रामाणिकपणे अमलात आणली. इतर कामांना टिचकी बसताच तोडलं जातं. त्या अक्षरांपुढे कर्नेल सेकंदाचा दहा हजारावा भाग अदबीने थांबतं आणि मग तोडतं. परबांनी खाली जाऊन पाहिलं आणि समाधान व्यक्त केलं.

मग घड्याळाचा विषय निघाला, आणि इथून पुढे चूक कुणाचीच नाही.

संस्थेच्या हॉलमधलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. संस्था स्थापन झाली तेव्हापासून आहे. त्याआधी चाळीत होतं तेही पुढेच होतं, कारण पहिल्या पाळीला उशीर झाला की गिरणीचं फाटक बंद होई. गिरणी गेली, फाटक गेलं, दहा मिनिटं राहिली. इमारतीतल्या प्रत्येक घरात घड्याळ पुढे आहे आणि प्रत्येक माणूस ते बघून मनातल्या मनात दहा वजा करतो. हे वजा करणं पाळण्यात शिकवलं जातं. त्यामुळे आम्ही कुठेही वेळेवरच पोचतो, म्हणजे घड्याळ बरोबर असतं तर जितके वाजता पोचलो असतो तितकेच वाजता.

तेव्हा टायमर आल्यावर पेटी वेळ इतकी नेमकी पाळणार असेल, तर तीही संस्थेच्या परंपरेप्रमाणे दहा मिनिटं पुढेच हवी, असा ठराव नानांनी मांडला. निलेशने अर्धा तास समजावलं. मग थकून म्हणाला, ‘बरं. पेटीचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवतो, पण पाण्याच्या कामासाठी दहा मिनिटं आतूनच वजा केलीयत मी. काम बरोबर नऊ वीसला सुरू होईल. कुणी काही करायची गरज नाही.’

सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ‘आतून वजा केलंय’ ह्या शब्दांवर सभेत टाळ्याही पडल्या.

फक्त नाना म्हणाले, असू दे हाताशी एखादं बटण. चुकून पोराने वजा केलं नसेल, तर पेटीचे नऊ वीस म्हणजे खरे नऊ दहा. पाणी यायच्या आधी पंप कोरडा फिरेल आणि जळेल. त्यापेक्षा मोबाइलवर एक बटण द्या, ‘दहा मिनिटं पुढे’. दाबलं की पाण्याचं काम दहा मिनिटांनी पुढे ढकललं जावं. ते कुणा एकाकडे दिलं असतं तर बाकीचे सत्तावीस दुखावले असते, म्हणून सर्व फ्लॅटना दिलं. शनिवारी संध्याकाळी सात वाजता ते प्रत्येकाच्या मोबाइलवर आलं. हिरवं, गोल, सुबक.

निलेशने वर्गात मास्तर सांगतात तसं बोट वर करून सांगितलं, की हे दाबायचं नाही.

सहकारी संस्थेत एखादं काम अठ्ठावीस जणांवर सोपवलं की ते कुणी करत नाही, हा आमचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. जिन्यातला बल्ब त्याची साक्ष देईल. त्यामुळे प्रत्येकाला मनातून खात्री होती की बाकीचे दाबणार नाहीत. पोराने वजा केलं असेल, पण नसेल तर? पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे. पंप जळला तर पोराचं नाव खराब होईल. एवढ्या मोठ्या इमारतीत त्याची काळजी करणारे आपण एकटेच आहोत, असं ज्याला त्याला वाटलं आणि गहिवरून आलं.

मी रविवारी सकाळी सव्वासातला दाबलं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. मी आत्या आहे.

रविवारी नऊला प्रांजलबाई आल्या. तिशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट, पाठीला पिशवी. त्यांना मीटरच्या खोलीसमोर चांगली खुर्ची दिली. सगळी इमारत खाली उतरली होती; काहींनी आंघोळी राखून ठेवल्या होत्या, म्हणजे नव्या पाण्याने करता येतील. सुलक्षणाने घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं. प्रांजलबाईंनी पेटीला आपला लॅपटॉप जोडला आणि हसून एकच अट घातली, ‘काहीही झालं तरी कुणी हात लावायचा नाही. मला ते एकट्याने काय करतं ते बघायचंय.’

नऊ वीसला पाइपात घुरघुर झाली. धोंडिरामचा हात आपसूक कॉककडे गेला.

‘पाणी इलां,’ तो म्हणाला.

‘हात लावायचा नाही,’ परब म्हणाले.

नऊ एकवीस झाले. नऊ पंचवीस झाले. पेटी शांत होती. जमलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर मात्र मला एक प्रकारची गूढ शांती दिसली. ‘दहा मिनिटांत होईल,’ असं एकाच वेळी सात-आठ जण म्हणाले आणि एकमेकांकडे चमकून बघू लागले.

साडेनऊ झाले. पाइप घुरघुरत होता. नऊ चाळीसला नानांनी सांगितलं की हॉलच्या घड्याळात तर नऊ पन्नास झालेत, जणू त्याने काही सुटणार होतं. धोंडिराम दर मिनिटाला ‘ओ साहेब, पाणी जातलां’ म्हणत होता आणि त्याला दर मिनिटाला गप्प बसवण्यात येत होतं. निलेशचा चेहरा पाहवत नव्हता. पेटी मात्र उत्तम चालली होती, हे मी न्यायाने नमूद करते. नऊ वीस ते नऊ पंचेचाळीस ह्या वेळात टायमरने दीड लाख टिचक्या मारल्या, एकही चुकली नाही. पाटीला पाळी मिळत होती, दिव्यांना मिळत होती, अकराव्या कामालाही मिळत होती. पाण्याच्या कामाची पाळी आली की ते विचारी, वेळ झाली का? कर्नेल सांगे, नाही. ते निमूट मागे जाई. इतकी शिस्त मी एक्सचेंज सोडल्यापासून पाहिली नव्हती.

दहा पाचला पाइप उसासला आणि गप्प झाला. पाणी गेलं.

‘झालं,’ परब म्हणाले. ‘निलेश, वाईट वाटतं रे, पण ठराव म्हणजे ठराव. धोंडिराम, पाना आण.’

‘एक मिनिट, काका.’ निलेश लॅपटॉपवर वाकला होता. पेटीत घडलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद राहते, हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. तो वाचत गेला तसा त्याचा रंग परत येत गेला. ‘पेटी चुकली नाही. पाण्याचं काम पुढे ढकललंय. एकदा नाही, तेवीस वेळा. दोनशे तीस मिनिटं! ते आता दुपारी एक दहाला सुरू होणार.’

‘कुणी ढकललं?’ परबांनी दरडावून विचारलं.

जमलेली सगळी माणसं छताकडे बघत होती. छताला खरोखर ओल आहे.

‘फ्लॅट नंबर आहेत ना इथे. वाचतो. एकशे एक, एकदा. एकशे तीन, एकदा. दोनशे दोन, तीनदा...’ (दोनशे दोन परबांचा.) निलेशचं बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं. त्याने वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग सुलक्षणाकडे.

चारशे दोन, दोनदा.

एकदा मी, सव्वासातला, ओट्याकडे तोंड करून. एकदा त्याच्या आईने, सात वीसला, खिडकीकडे तोंड करून. एकाच स्वयंपाकघरात, पाठीला पाठ. मी सुलक्षणाकडे पाहिलं. ती छताच्या ओलीकडे पाहत होती.

आता प्रश्न साधा होता. यादी पूर्ण वाचली तर पेटी निर्दोष ठरत होती, निलेशचा शब्द राहत होता. फक्त परबांपासून सख्ख्या आईपर्यंत एकोणीस घरांनी त्याच्या सांगण्यावर काडीचा विश्वास ठेवला नव्हता, हे एका परक्या बाईसमोर मोठ्याने वाचावं लागत होतं. मी एकतीस वर्षं लोकांचं बोलणं नेमक्या जागी तोडलं आहे.

‘निलेश,’ मी म्हटलं, ‘घावणे थंड होतायत.’

त्याने यादी बंद केली. परबांनी घसा साफ करून तिथल्या तिथे ठराव मांडला की आजच्या प्रकाराचं कारण शोधण्यात येऊ नये. नानांनी अनुमोदन दिलं. एकमताने मंजूर, वेळ चार सेकंद. संस्थेच्या इतिहासात इतक्या लवकर काही मंजूर झालेलं नाही. आणि कारणच नाही म्हटल्यावर पेटी दोषी ठरवता येईना, तेव्हा ती भंगारात देण्याचा प्रश्नही निकालात निघाला.

पण निलेशची नोकरी? टाकीत तर ठणठणाट होता. तो प्रांजलबाईंपुढे जाऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, ‘सॉरी मॅडम. वाट लागली.’

‘कशाची?’ त्यांनी दुसरा घावणा घेतला. ‘एक दहाला आहे ना? थांबते मी.’

त्या थांबल्या. सांबारं दोनदा मागितलं. बाकीची इमारतही थांबली, कारण वर जाऊन करण्यासारखं पाण्याशिवाय काही नव्हतं. एक वाजून दहा मिनिटांनी पेटीत खट् झालं. कॉक आपोआप उघडला. पंप लागला. पाइपातून मोठा सुस्कारा आला, मग गंज आला, मग एक झुरळ आलं. पाण्याचा थेंब नाही. प्रांजलबाईंची नजर लॅपटॉपवर होती.

‘सेकंदाच्या शंभराव्या भागाचाही फरक नाही,’ त्या म्हणाल्या. ‘तेवीस वेळा ढकलूनसुद्धा. एक तारखेला ये रे अंधेरीला.’

‘पण मॅडम, पाणी...’

‘पाण्याचं तुम्ही लोक बघा. मी टायमर बघायला आले होते.’

निलेश आता अंधेरीला जातो. नव्या नोकरीत त्याच्यावर सगळे विश्वास ठेवतात, असं तो सांगतो. ते त्याला अजून नीट ओळखत नसावेत. पेटी मीटरच्या खोलीत आहे आणि सेकंदाला शंभर टिचक्या मारते. पाण्याचं काम तिच्याकडून काढून पुन्हा धोंडिरामला दिलं आहे. तो घड्याळ बघत नाही, पाइपाला कान लावतो. पेटीकडे आता दहाच कामं आहेत. त्यातलं एक अजूनही कशासाठी आहे ते कळलेलं नाही.

यादी मात्र निलेशने मला नंतर एकटीला दाखवली. एकोणीस घरांनी बटण दाबलं. उरलेल्या नऊ घरांविषयी मला आदर वाटू लागला होता, म्हणून मी चौकशी केली. दोन फ्लॅट बंद असतात. एक कुटुंब दुबईला आहे. तिघांच्या जुन्या मोबाइलवर बटण उमटलंच नाही. दोघांनी ‘दाबलं असेल कुणीतरी’ म्हणून सोडून दिलं. एकाने दाबलं होतं, पण भलतीकडेच. त्यांच्याकडे अजून गीझर दहा मिनिटं उशिरा तापतो. निलेशने सांगितलं होतं म्हणून, त्याच्या शब्दाखातर, हात आवरून बसलेली घरं: शून्य.

आपण असतो तर दाबलं नसतं, असं हे वाचताना आपल्याला वाटलं असेल. वाटणारच, ज्यांनी दाबलं त्या एकोणीस घरांनाही बाकीच्यांबद्दल बोलताना असंच वाटतं. आपल्या इमारतीत असं एखादं घर खरोखर असल्यास फ्लॅट क्रमांकासह जरूर कळवावं. स्वतःचा क्रमांक पाठवू नये.